डीसी++ : हॅशिंग आणि प्रोसेसरवरचा भार

डीसी++ हा विंडोजवर चालणारा मुक्तस्रोत फाइल-वाटप प्रोग्रॅम २००१ पासून वापरात आहे. सदस्य हबला, म्हणजे सगळ्यांना एकत्र आणणाऱ्या मध्यवर्ती सर्व्हरला, जोडले जातात, शोध हबमार्फत फिरतो आणि फाइल मात्र एका संगणकावरून थेट दुसऱ्यावर जाते. त्याचा प्रोसेसर-वापर चढून तासन्‌तास उतरत नसेल, तर कारण बहुधा हॅशिंग असते.

शेअर केलेल्या प्रत्येक फाइलचा ठसा, म्हणजे तिच्या आतल्या मजकुरावरून निघणारी छोटी ओळख-संख्या, काढणे म्हणजे हॅशिंग. त्यासाठी रॉस अँडरसन आणि एली बिहाम यांनी १९९५ मध्ये रचलेले टायगर हे गणित वापरतात. फाइलच्या १,०२४ बाइटांच्या प्रत्येक तुकड्याचा १९२ बिटांचा ठसा निघतो. मग दोन-दोन ठसे जोडत झाडासारखे वर जात शेवटी एकच उरतो. एक जीबीच्या फाइलचे असे दहा लाखांहून अधिक तुकडे होतात. मोबदलाही तसाच मोठा आहे : नाव बदललेली फाइल ओळखता येते आणि उतरवताना खराब आलेला भाग नेमका सापडतो. म्हणून पहिल्यांदा मोठा फोल्डर शेअर केल्यावर चढलेला भार हा बिघाड नव्हे. हॅशिंग पुढे सरकत असेल तर ते पुरे होऊ द्यावे. संगणक फारच अडखळत असेल तर सेटिंगमध्ये हॅशिंगच्या वेगाला मर्यादा घालावी. वेळ जास्त लागतो, पण भार उतरतो.

काम संपतच नसेल तर शेअरमध्ये सतत बदलणारे काहीतरी आहे. अर्धवट डाउनलोडचा फोल्डर, ईमेल प्रोग्रॅमचा साठा, लॉग फाइली हे नेहमीचे गुन्हेगार. फाइलचा आकार किंवा बदलाची वेळ पालटली की तिचे हॅशिंग पहिल्यापासून होते. ठसे फाइलच्या पत्त्यासह नोंदले जात असल्याने फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला तरी सगळे पुन्हा करावे लागते. वाचली जाणारी प्रत्येक फाइल अँटिव्हायरसही तपासतो; तो भार टास्क मॅनेजरमध्ये अँटिव्हायरसच्या नावावर दिसतो, म्हणून तेथे आधी पाहावे. चार कोअरच्या (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चार भागांच्या) प्रोसेसरवर २५ टक्के म्हणजे एक कोअर पूर्ण गुंतलेला, हेही ध्यानात ठेवावे.

हॅशिंग थांबलेले असूनही भार राहिला, तर हब मोजावेत. हबवरून आलेला प्रत्येक शोध आपल्या शेअरशी ताडून पाहिला जातो. गजबजलेल्या अनेक हबांवर एकाच वेळी असणाऱ्या आणि लाखो फाइली शेअर करणाऱ्या सदस्याचा प्रोसेसर त्यातच गुंततो. अशा वेळी नको असलेले हब सोडणे हाच सरळ उपाय.