पीटच्या कुंडीतला सामू ठरवतं कोण?

इंडियाना, ओहायो यांसारख्या चुनखडीच्या खडकावर वसलेल्या अमेरिकी राज्यांत मराठी घरातल्या कढीपत्त्याचं एक दुखणं ठरलेलं असतं. दुकानातून आणलेल्या पॉटिंग मिक्समध्ये रोप लावलं जातं, पहिले काही महिने ते जोमानं वाढतं आणि मग शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडू लागतात. शिरा मात्र हिरव्याच राहतात. आपल्याकडे उसात हेच दिसलं की शेतकरी ‘केवडा पडला’ म्हणतो. निदान बरोबर असतं, लोह कमी पडलंय. म्हणून कुंडीत लोह ओतलं जातं. चार दिवस पानं सुधारल्यासारखी वाटतात आणि पुन्हा पिवळी पडतात.

अशा कुंडीत लोह बहुधा असतंच. ते मुळांना घेता येत नाही, कारण माध्यमाचा सामू, म्हणजे पीएच, साडेसहाच्या पुढे गेलेला असतो. सामू एका अंकानं वाढला की फेरिक, म्हणजे गंजात असतं त्या रूपातल्या, लोहाची विद्राव्यता सुमारे हजार पटीनं घटते. त्यामुळे विचारायला हवं ते असं: मुळात आम्ल असलेल्या पीटचा सामू इतका चढला कसा?

पीट म्हणजे थंड प्रदेशातल्या दलदलींत हजारो वर्षं साचत आलेलं, अर्धवट कुजलेलं शेवाळ, मुख्यतः स्फॅग्नम. ते वर्षाला साधारण एखादा मिलिमीटर साचतं. कॅनडा, आयर्लंड आणि बाल्टिक देशांत त्याचे मोठे साठे आहेत. स्फॅग्नमच्या पेशीभित्ती पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात हायड्रोजन आयन सोडतात, म्हणून त्या दलदली आणि तिथून काढलेलं पीट आम्ल असतं. त्याचा सामू साडेतीन ते साडेचारच्या आसपास भरतो. ब्लूबेरीसारखी मोजकी झाडं सोडली तर इतक्या आम्लात काही धड वाढत नाही.

1960च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठातल्या जेम्स बुडली आणि रेमंड शेलड्रेक यांनी निम्मं पीट आणि निम्मं व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट (तापवून फुगवलेली हलकी खनिजं) असं मातीविना मिश्रण रूढ केलं. आज जगभरच्या ग्रीनहाऊसमध्ये वापरली जाणारी बरीचशी मिश्रणं त्याच वळणाची आहेत. मातीची प्रत गावागणिक बदलते, हे मिश्रण मात्र दरवेळी सारखंच मिळतं, हलकं असतं आणि निचरा चांगला देतं. पण त्यात स्वतःचं पोषण जवळजवळ शून्य असतं. म्हणून मिश्रण करतानाच लिटरला तीन ते सहा ग्रॅम चुनखडी, बहुधा डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेली चुनखडी), घालून सामू साडेपाच ते सव्वासहाच्या दरम्यान आणतात.

शेतकऱ्याला हा आकडा खटकेल. जमिनीसाठी आपण साडेसहा ते साडेसात सामू उत्तम मानतो, मग इथे एवढा कमी का? खनिज माती फार आम्ल झाली की चिकणमातीतलं ॲल्युमिनियम विरघळतं आणि मुळं जाळतं. पीटमध्ये चिकणमातीच नाही, त्यामुळे ती भीती जवळपास नाही. शिवाय सेंद्रिय माध्यमात स्फुरद, मँगनीज, बोरॉन यांची उपलब्धता कमी सामूला चांगली राहते. मिशिगनमधले मृदा-संशोधक लुकास आणि डेव्हिस यांनी 1961 साली सेंद्रिय जमिनींच्या अभ्यासातून हे मांडलं. माती आणि पीटच्या आदर्श सामूत एक ते दीड अंकाचा फरक पडतो. मातीचा तक्ता पीटच्या कुंडीला लावणं ही अगदी चांगल्या बागायतदारांकडूनही होणारी चूक आहे.

पिशवी उघडली त्या दिवशी सामू ठीक असतो. त्यानंतर तो दोन गोष्टींवर हलत राहतो, रोज घातलेलं पाणी आणि त्यातून दिलेलं खत. शेतात मातीचा प्रचंड साठा हा धक्का पचवतो. कुंडीत लिटरभर माध्यम असतं, रोपांच्या ट्रेमधल्या एका कप्प्यात तर चमचा-दोन चमचे. तिथे आठवड्या-दोन आठवड्यांत सामू एक अंक हलू शकतो.

आधी पाणी पाहू. बहुतेक जण पाण्याचा सामू मोजतात आणि तिथेच फसतात. कुंडीवर परिणाम करतं ते पाण्यात विरघळलेलं बायकार्बोनेट. प्रयोगशाळेच्या अहवालात ते ‘टोटल अल्कलिनिटी’ या ओळीत, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात दिलेलं असतं. 7.4 सामूच्या दोन पाण्यांपैकी एकात ते लिटरला 40 मिलिग्रॅम असेल तर दुसऱ्यात 300, आणि पीएच मीटरला दोन्ही पाणी सारखीच दिसतील. हा आकडा म्हणजे प्रत्येक लिटरमागे कुंडीत किती चुनखडी पडते, त्याचं मापच आहे. याउलट पागोळ्यांच्या पाण्यात बायकार्बोनेट जवळपास नसतंच.

आता खत. आपण पिशवीवर एन-पी-के, म्हणजे नत्र-स्फुरद-पालाशाचे टक्के, पाहतो, पण सामूच्या दृष्टीनं त्याखालच्या बारीक अक्षरांतली ओळ जास्त मोलाची असते: नत्र कोणत्या रूपात आहे, नायट्रेट, अमोनियाकल की युरिया. अमोनियम धनभारित असतं. मूळ ते आत घेतं तेव्हा विद्युतभाराचा तोल राखायला हायड्रोजन आयन बाहेर सोडतं आणि माध्यम आम्ल होतं. शिवाय मुळांनी न घेतलेल्या अमोनियमचं जिवाणू नायट्रेट करतात, त्यातही प्रत्येक अमोनियममागे दोन हायड्रोजन आयन सुटतात. नायट्रेट ऋणभारित असतं. ते घेताना मूळ बायकार्बोनेट किंवा हायड्रॉक्सिल सोडतं आणि सामू चढतो. युरियावर भार नसतो. तो फुटून त्याचं अमोनियम होताना सामू थोडा चढतो, पण पुढे तो अमोनियमच्याच वाटेनं जातो, म्हणजे शेवटी आम्लाकडेच.

हा परिणाम आकड्यांत मांडायची पद्धत मृदाशास्त्रज्ञ पिअर यांनी 1933 साली दिली, आणि अमेरिकेतल्या खतांच्या पिशव्यांवर त्या धर्तीचा आकडा आजही छापतात. 100 किलो अमोनियम सल्फेटमुळे तयार होणारं आम्ल शमवायला सुमारे 110 किलो चुनखडी लागते. 20:20:20साठी (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी 20 टक्के) हाच आकडा 30 किलोच्या आसपास आहे. कॅल्शियम नायट्रेट उलट वागतं, 100 किलोमागे साधारण 20 किलो चुनखडीइतका विम्ल परिणाम करतं.

याचा हिशेब एका कुंडीपुरता मांडून पाहू. लिटरभर पीट मिश्रणात सुरुवातीला पाच ग्रॅम डोलोमाइट आहे. पाण्याची अल्कलिनिटी 250 आणि रोज दीडशे मिलिलिटर पाणी दिलं, तर दोन महिन्यांत नऊ लिटर पाण्यातून सव्वादोन ग्रॅम चुनखडी पडली, म्हणजे सुरुवातीच्या निम्मी. याच पाण्यातून लिटरला 100 मिलिग्रॅम नत्र द्यायचं आहे. ते 20:20:20मधून दिलं तर लिटरला अर्धा ग्रॅम खत लागतं, दोन महिन्यांचं साडेचार ग्रॅम, आणि ते सुमारे 1.35 ग्रॅम चुनखडी खाऊन टाकतं. शिल्लक उरते एक ग्रॅमहून कमी. तेवढंच नत्र फक्त कॅल्शियम नायट्रेटमधून दिलं, तर सव्वा ग्रॅमच्या आसपास वरून भर पडते आणि बेरीज साडेतीन ग्रॅमकडे जाते. नत्र तेवढंच, पाणी तेच, पण एका कुंडीत सामू बऱ्यापैकी टिकतो आणि दुसरीत केवडा पडतो. प्रत्यक्षात काही पाणी निचऱ्यातून निघून जातं, म्हणून हे आकडे अंदाजाचे आहेत. दिशा मात्र चुकत नाही.

म्हणूनच ‘पीटसाठी सगळ्यात चांगलं खत कोणतं’ याला एक उत्तर देता येत नाही. कठीण, म्हणजे बायकार्बोनेट भरपूर असलेलं, पाणी असेल तर अमोनियम आणि युरियाचा वाटा असलेलं खत. पावसाचं किंवा आरओचं पाणी असेल तर नायट्रेटवर भर आणि सोबत कॅल्शियम, नाहीतर सामू पाचच्या खाली घसरतो. पाण्याचा अहवाल हाती नसताना खत निवडणं मला तरी पटत नाही.

सामू खाली गेल्यावर काय होतं, ते झेंडू दाखवतो. झेंडू आणि जिरॅनियम या झाडांची मुळं लोह ओढण्यात पटाईत असतात. ती स्वतः आम्ल सोडतात आणि फेरिक लोहाचं रूपांतर सहज घेता येणाऱ्या फेरसमध्ये करतात. सामू साडेपाचच्या खाली गेला की विरघळलेलं लोह आणि मँगनीज नको इतकं आत येतं, खालच्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके पडतात आणि पानं करपतात. करपा समजून बुरशीनाशक फवारलं तर उपयोग होत नाही. पिटुनिया नेमकी उलट. तिची मुळं या कामात दुबळी असतात, म्हणून तिला 5.4 ते 6.2 सामू मानवतो, तर झेंडूला सहा ते साडेसहा. दोघांना एकाच टाकीतून एकच खत देणाऱ्या नर्सरीत एक बाक पिवळा आणि दुसरा तपकिरी दिसणं अगदी शक्य आहे.

अमोनियमचा डोस वाढवत नेण्यालाही मर्यादा आहे. तापमान 15 अंशांच्या खाली गेलं की नायट्रेट करणारे जिवाणू मंदावतात, अमोनियम साचतं आणि मुळांची टोकं मरतात. उजेड कमी असताना रोपं लुसलुशीत, लांबुडकी होतात. त्यामुळे उत्तरेकडच्या हिवाळ्यात नत्र मुख्यतः नायट्रेटमधूनच द्यावं आणि कठीण पाणी आम्लानं सुधारावं. ग्रीनहाऊसमध्ये त्यासाठी सल्फ्युरिक, फॉस्फोरिक किंवा नायट्रिक आम्ल मोजून सोडतात, बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. घरी लोक लिंबू किंवा व्हिनेगर घालतात. त्या क्षणी पाणी सुधारतं खरं, पण माध्यमातले सूक्ष्मजीव सायट्रेट-ॲसिटेट खाऊन टाकतात आणि बायकार्बोनेट परत येतं. घरच्यासाठी पावसाचं पाणी साठवून नळाच्या पाण्यात मिसळणं अधिक भरवशाचं.

तपासायला फार साहित्य लागत नाही. कुंडीला नेहमीसारखं पाणी द्या, तासभर थांबा. मग कुंडी ताटलीवर थोडी उंच ठेवून वरून हळूहळू डिस्टिल्ड वॉटर ओता आणि खालून येणारं पहिलं 50 मिलिलिटर पाणी धरा. मुळांभोवतीचं द्रावणच खाली ढकललं गेलेलं असतं. त्याचा सामू आणि ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप) मोजा. दर दोन आठवड्यांनी हे करून आकडे लिहून ठेवले की पान पिवळं पडण्याआधीच कल लक्षात येतो. एकट्या आकड्यापेक्षा तो कल महत्त्वाचा. सहा सामू स्थिर असेल तर काळजी नाही, पण 5.6 वरून सहावर आलेला असेल तर खत बदलायची वेळ झाली.

तोवर पानं वाचवायची असतील तर लोहाचं रूप पाहून घ्या. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, चढलेल्या सामूत लवकरच गंजून निरुपयोगी होतं. चिलेट म्हणजे लोहाला धरून विरघळलेलं ठेवणारं संयुग. त्यातलं ईडीटीए चिलेट साडेसहाच्या पुढे लोह सोडून देतं. लालसर रंगाचं ईडीडीएचए चिलेट मात्र त्याहून बऱ्याच वरच्या सामूतही टिकतं.

महाराष्ट्रात पीटपेक्षा कोकोपीट जास्त चालतं, भाजीपाल्याच्या रोपवाटिकांपासून जरबेऱ्याच्या पॉलिहाऊसपर्यंत. इथे एक सावधगिरी हवी. कोकोपीटचा सामू मुळातच साडेपाच ते पावणेसातच्या दरम्यान असतो. पीटसाठी लिहिलेली लिटरला पाच ग्रॅम चुनखडीची कृती त्याला लावली, तर लागवडीआधीच सामू हाताबाहेर जातो. त्याची अडचण निराळी आहे. त्याला पोटॅशियम आणि सोडियम चिकटलेलं असतं. दिलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम त्यांना हटवून स्वतः चिकटून बसतं आणि मुळांना कमी पडतं, म्हणून कोकोपीट आधीच कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवून नंतर धुऊन घेतात. त्यात आपल्या बेसाल्टातल्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. अशा पाण्यावर 12:61:0 (मोनो-अमोनियम फॉस्फेट) किंवा 19:19:19 सामू खाली ओढतात, तर 13:0:45 (पोटॅशियम नायट्रेट) आणि कॅल्शियम नायट्रेट वर नेतात. या दोन गटांची अदलाबदल अहवाल पाहून करता येते. फक्त कॅल्शियम नायट्रेट आणि 12:61:0 एकाच टाकीत घट्ट द्रावण करून एकत्र करू नका. कॅल्शियम फॉस्फेटचा साका तळाशी बसतो आणि ड्रिपर चोंदतात. त्यासाठीच पॉलिहाऊसमध्ये ए आणि बी अशा दोन टाक्या वेगळ्या ठेवतात.