पूर्वनिर्मित शाळा-इमारती (इंग्लंड)

खांब, तुळया, भिंतींचे फलक, छत आणि खिडक्या ठरावीक मापांत कारखान्यात तयार करायच्या आणि शाळेच्या जागेवर त्यांची नुसती जोडणी करायची, या पद्धतीला पूर्वनिर्मित किंवा मॉड्यूलर शाळाबांधणी म्हणतात. तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात सुटे भाग येतात आणि त्यांतून वास्तुरचनाकार हवा तसा आराखडा मांडतो. दुसऱ्यात फरशी, भिंती, वायरिंग, खिडक्या यांसह तयार झालेले खोलीचे आख्खे खोके ट्रकवरून येते आणि क्रेनने पायावर ठेवले जाते. आपल्याकडे पोर्टा केबिन म्हणून ओळखली जाते ती या दुसऱ्या प्रकारची सर्वांत साधी आवृत्ती. या दोहोंचा सर्वांत मोठा आणि सर्वांत बोलका प्रयोग दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये झाला. वेगाने बांधण्याचा प्रश्न तिथे दहा वर्षांत बराचसा सुटला, पण त्या इमारती उबदार ठेवण्याचा प्रश्न पन्नास वर्षे रेंगाळला.

हर्टफर्डशायर

१९४४ च्या शिक्षण कायद्याने माध्यमिक शिक्षण सर्वांना खुले केले आणि १९४७ मध्ये शाळा सोडण्याचे किमान वय १४ वरून १५ झाले. म्हणजे मुलांचे आख्खे एक वर्ष एकदम वाढले. सरकारने त्यासाठी ठिकठिकाणी काँक्रीटच्या सांगाड्याच्या आणि अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या छपराच्या बराकी उभ्या केल्या. त्या ‘होर्सा’ या आद्याक्षरी नावाने ओळखल्या जात. सोय झाली, पण त्यांना कोणी चांगली वास्तू म्हटले नाही.

लंडनच्या उत्तरेकडील हर्टफर्डशायर परगण्यात ही निकड दुप्पट होती. लंडनमधून बाहेर पडणारी कुटुंबे तिथल्या स्टीव्हनेजसारख्या नव्या शहरांत येत होती. विटा कमी, लाकूड कमी, गवंडी त्याहून कमी, आणि जे होते ते घरबांधणीकडे वळवलेले. परगण्याचे मुख्य वास्तुरचनाकार चार्ल्स हर्बर्ट अ‍ॅस्लिन आणि त्यांचे उपप्रमुख स्टिरॅट जॉन्सन-मार्शल यांनी ठरवले, की एका शाळेचा विचार करायचाच नाही, वर्षभराच्या सगळ्या शाळांचा एकत्र करायचा. हलक्या पोलादी सांगाड्याची मागणी वेस्ट ब्रॉमिच येथील हिल्स या कारखान्याकडे घाऊक प्रमाणात नोंदवली गेली. मापाचा पाया होता ८ फूट ३ इंचांची (सुमारे २.५ मीटर) चौकोनी जाळी. खांब जाळीच्या छेदबिंदूवरच येणार, भिंतीचा काँक्रीट-फलक दोन खांबांमध्येच बसणार. एवढे नियम पाळले की बाकी मांडणी मोकळी. चेशंट येथील बर्ली शाळा ही या मालिकेतली पहिली. त्यानंतर १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत परगण्यात अशा सुमारे शंभर शाळा झाल्या.

या शाळांची कीर्ती मात्र पोलादामुळे झाली नाही. डेव्हिड मेड आणि मेरी क्राउली हे तरुण वास्तुरचनाकार (पुढे ते पतिपत्नी झाले) वर्गात जाऊन बसत, शिक्षिकांशी बोलत, मुलांची उंची मोजत. हात धुण्याची भांडी, खुर्च्या, कपड्यांच्या खुंट्या पाच वर्षांच्या मुलाच्या हाताला लागतील अशा उंचीवर आल्या. लांबलचक कॉरिडॉर आखडते घेतले गेले. साच्यातून काढलेली इमारत एकसुरी असते, हा समज या शाळा पाहिल्यावर टिकत नाही. साचा भागांचा होता, शाळेचा नव्हता. नंतरच्या अनेक पद्धतींनी नेमका हाच फरक विसरला.

दिव्याची अट होती, उबेची नव्हती

१९४५ च्या शालेय इमारतींच्या नियमांनी प्रत्येक वर्गात किमान २ टक्के ‘दिवसप्रकाश गुणांक’ आवश्यक ठरवला. म्हणजे ढगाळ दिवशी बाहेर जितका उजेड असेल त्याच्या किमान पन्नासाव्या हिश्श्याइतका वर्गातल्या बाकावर पोहोचला पाहिजे. इंग्लंडच्या हिवाळ्यात हे साधायचे तर खिडक्या प्रचंड हव्यात, आणि त्या झाल्याही. उष्णता किती बाहेर जाईल यावर त्या तोडीचे बंधन मात्र नव्हते. कोळसा देशातच निघत होता, पुढे तेलही स्वस्त मिळू लागले. म्हणून एकेरी काचेची तावदाने, धातूच्या चौकटी, पातळ फलक आणि सपाट छत असा जो संच तयार झाला, तो उजेडाच्या हिशेबात उत्तीर्ण आणि उष्णतेच्या हिशेबात सपशेल नापास होता. धातूची चौकट आतली ऊब थेट बाहेर वाहून नेते. बांधकामाच्या भाषेत याला उष्णतासेतू म्हणतात. अशा जागी आतून पाणी साचते आणि बुरशी धरते.

उन्हाळ्यात उलट. जाड विटेची किंवा दगडाची भिंत दुपारची उष्णता शोषून घेते आणि रात्री सोडते. हलक्या सांगाड्यात तेवढे वस्तुमानच नसते. त्यामुळे जून महिन्यात मोठ्या काचांमागचे वर्ग भट्टी होत. १९७३ च्या तेलसंकटात इंधनाची बिले वाढली तेव्हा कुठे या गोष्टींची गांभीर्याने मोजणी सुरू झाली.

क्लास्प

नॉटिंगहॅमशायरमध्ये अडचण वेगळी होती. जमिनीखाली कोळशाच्या खाणी, आणि त्या खचल्या की वरची जमीन लाटेसारखी हलते. खोल पाया घालून जमिनीशी झुंजायचे, हा सरधोपट उपाय. परगण्याचे वास्तुरचनाकार डोनाल्ड गिब्सन यांच्या पथकाने तो सोडला आणि इमारतच लवचीक केली. वाळूच्या थरावर काँक्रीटचा पातळ पट्टा, त्यावर खिळीच्या सांध्यांनी जोडलेला पोलादी सांगाडा आणि तिरक्या आधारांत स्प्रिंगा. जमीन सरकली तर इमारत तिच्यासोबत थोडी वाकते आणि सरळ होते. भिंतीचे फलक आणि खिडक्या एकमेकांवरून सरकू शकतील अशा बसवलेल्या. कल्पना साधी होती आणि ती चालली.

१९५७ मध्ये अनेक स्थानिक प्राधिकरणांनी मिळून या पद्धतीसाठी संघ स्थापन केला. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘क्लास्प’ हे नाव पडले. सगळ्यांनी मिळून भागांची मागणी नोंदवायची म्हणजे किंमत खाली येते, हे त्यामागचे गणित. १९६० च्या मिलान त्रैवार्षिक प्रदर्शनात या पद्धतीची एक शाळाच उभी करून दाखवण्यात आली आणि तिला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. यॉर्क विद्यापीठाच्या सुरुवातीच्या इमारतीही क्लास्पच्याच आहेत.

कौतुक ओसरायला कारणे दोन. पहिले अ‍ॅस्बेस्टॉस : आगीपासून संरक्षणासाठी खांबांभोवती आणि फलकांत ते सढळ हाताने वापरले गेले होते. आज अशा इमारतीत खिडकी बदलायची म्हटली तरी आधी तपासणी करावी लागते, म्हणून ऊर्जाबचतीची साधी कामेही महाग पडतात. दुसरे कारण अधिक भीषण. डिसेंबर १९७४ मध्ये नॉटिंगहॅमजवळ एडवॉल्टन येथील क्लास्प पद्धतीच्या एका वृद्धाश्रमात आग लागली. खोट्या छतावरची पोकळी सलग होती आणि तिच्यातून आग खोल्याखोल्यांवरून पसरत गेली. १८ जण मृत्युमुखी पडले. सुट्या भागांच्या इमारतीत पोकळ्या अपरिहार्य असतात. त्या जागोजागी अडवणे हे काम जोडणी करणाऱ्याच्या हातात असते आणि नंतर कोणाला दिसत नाही.

त्या आगीच्या आधी, १९६० च्या दशकात, अमेरिकन वास्तुरचनाकार एझ्रा एरेनक्रांट्झ यांनी इंग्लंडमधील हे काम जवळून पाहून कॅलिफोर्नियात वेगळा मार्ग काढला. तयार भाग निवडण्याऐवजी त्यांनी भागाने काय काम केले पाहिजे तेवढे लिहून दिले आणि छत, दिवे व वातानुकूलन एकमेकांत बसतील अशी निविदा मागवली. शाळेचा आकार आणि तिची ऊर्जायंत्रणा यांचा एकत्र विचार करण्याचा हा आरंभीचा प्रयत्न म्हणावा लागेल, जरी त्यातून निघालेल्या शाळा विजेच्या बाबतीत काटकसरी नव्हत्या.

वॉलसीची शाळा

ऊर्जेचा विचार आधी आणि बांधणीचा नंतर, असे करणारी एक शाळा १९६१ मध्येच उभी राहिली होती, पण ती पूर्वनिर्मित नव्हती. लिव्हरपूलसमोर मर्सी नदीपलीकडे वॉलसी येथे एम्स्ली मॉर्गन यांनी सेंट जॉर्ज शाळेची नवी इमारत बांधली. दक्षिणेची संपूर्ण बाजू दुहेरी काचेची, दोन काचांमध्ये सुमारे ६० सेंटिमीटर अंतर. उरलेल्या बाजू जाड विटांच्या, छत काँक्रीटचे, आणि या सगळ्यावर बाहेरून पॉलिस्टायरीनचे रोधन, म्हणजे उष्णता अडवणारा थर. त्या काळी एवढे जाड रोधन दुर्मीळ होते. ऊब येणार तीन ठिकाणांहून : सूर्य, वर्गातले दिवे आणि मुले. तीस मुलांचा भरलेला वर्ग सुमारे दोन किलोवॉट उष्णता देतो, म्हणजे दोन बऱ्यापैकी हीटरइतकी. नेहमीची तापनयंत्रणाही बसवली होती, पण तिची गरज क्वचितच पडली. उणीव हवेची होती. ऊब राखण्यासाठी हिवाळ्यात खिडक्या बंद ठेवल्या जात आणि वर्ग कोंदट होत.

जड, रोधन केलेली, सूर्याकडे तोंड केलेली इमारत एका बाजूला, आणि हलकी, झटपट, काचेची इमारत दुसऱ्या बाजूला. एकाच देशात, एकाच दशकात या दोन परंपरा जवळजवळ एकमेकींकडे न पाहता चालल्या. त्यांची गाठ पडायला पुढचे शतक उजाडावे लागले.

आजचे मॉड्यूल

सध्याच्या खोकेवजा मॉड्यूलमध्ये रोधनाचा प्रश्न बराच सुटला आहे. कारखान्याच्या छपराखाली, पावसाविना, जाड रोधन नीट बसवता येते, कचरा कमी होतो, आणि शाळा चालू असताना सुटीत काम उरकता येते. अडचणी राहतात त्या तीन : जोडणीची, मापाची आणि वस्तुमानाची.

दोन खोकी जिथे भिडतात तो सांधा जागेवरच बुजवावा लागतो. हवाबंदपणा तिथे फसतो. रस्त्याने नेता येईल एवढेच खोके करता येत असल्याने रुंदी साधारण तीन-चार मीटरमध्ये अडकते, त्यामुळे एका वर्गाला दोन-तीन खोकी लागतात आणि सांधे वाढतात. उंचीही पुलांखालून जाईल इतकीच. छत खाली आले की उजेड वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही, आणि वर चढून जाणाऱ्या गरम हवेला जागा राहत नाही. तिसरी गोष्ट जुनीच, वस्तुमानाचा अभाव. त्यावर खिडक्यांवर पुढे आलेली छज्जे, रात्री थंड हवा आत घेणारे झरोके आणि खालच्या मजल्यावर काँक्रीटची फरशी हे उपाय केले जातात.

हवेसाठी आता आकडा ठरला आहे. यंत्राविना खेळत्या हवेवर चालणाऱ्या वर्गात कार्बन डायऑक्साइडचे दिवसभराचे सरासरी प्रमाण दशलक्षात १,५०० भागांपर्यंत राहावे, असे इंग्लंडचे मार्गदर्शक सूत्र सांगते. जर्मनीतील ‘पॅसिव्हहाउस’ मानक याहून पुढे जाते. वर्षाला दर चौरस मीटरमागे तापनासाठी जास्तीत जास्त १५ किलोवॉट-तास, आणि ५० पास्कल दाबाला तासाभरात इमारतीतल्या हवेच्या ०.६ पटीपेक्षा कमी गळती. वुल्व्हरहॅम्प्टन येथील ओक मेडो आणि बुशबरी हिल या प्राथमिक शाळा २०११ मध्ये या मानकाने बांधल्या गेल्या. त्यांचा सांगाडा लाकडी आहे, आणि बाहेर जाणाऱ्या हवेतली ऊब आत येणाऱ्या हवेला देणारी यंत्रणा वॉलसीची कोंदट हवेची अडचण दूर करते. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत ब्रिटिश शिक्षण खात्याने ‘जेनझीरो’ नावाचा लाकडी पूर्वनिर्मित शाळेचा नमुना मांडला. दोन्ही परंपरा अधिकृतपणे एकत्र आल्या त्या इथे.

त्यानंतर दोनच वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, कारखान्यात बनवलेल्या भागांविषयीचा विश्वास दोनदा हादरला. नॉर्थॅम्प्टन, हार्लो आणि ब्रिजवॉटर येथील अगदी नव्या मॉड्यूलर शाळा-इमारती सांगाड्याच्या बळकटीबद्दल शंका आल्याने बंद करण्यात आल्या. हार्लोची इमारत तर २०२१ मध्येच सुरू झालेली. तोवर त्या बांधणारी कंपनी दिवाळखोरीत गेली होती. महिनाअखेरीस सच्छिद्र हलक्या काँक्रीटचे (‘रॅक’) जुने छत-फलक असलेल्या शंभराहून अधिक शाळांना सत्र सुरू होण्याच्या तोंडावर इमारती किंवा त्यांचे काही भाग बंद करण्यास सांगण्यात आले. हे फलक निवडले गेले होते ते हलके आणि उष्णतारोधक म्हणून. सपाट छतावर मुरलेल्या पाण्याने त्यांचा घात केला. इथे पूर्वनिर्मितीला सरसकट दोषी धरणे सोपे आहे, पण योग्य नाही. नव्या शाळांमध्ये त्रुटी होती ती रचनेच्या हिशेबात आणि देखरेखीत, जुन्यांमध्ये ती सुमारे तीस वर्षे आयुष्य असलेला भाग दुप्पट काळ वापरण्यात.

भारतीय संदर्भ

इंग्लंडचा अनुभव जसाच्या तसा इकडे लागू होत नाही, कारण दख्खनमध्ये प्रश्न ऊब राखण्याचा नसून उष्णता बाहेर ठेवण्याचा आहे. पण हलक्या इमारतीचा दोष दोन्हीकडे एकच. पत्र्याच्या वर्गात मार्च उजाडला की बसवत नाही, आणि त्यावरचा आपला रूढ उपाय वास्तूत नसून वेळापत्रकात आहे : सकाळची शाळा. जुन्या जिल्हा परिषद शाळांचा कौलारू उतार आणि पुढचा व्हरांडा ही ऊर्जेच्या दृष्टीने शहाणी रचना होती. तिच्या जागी पातळ भिंतींची केबिन ठेवताना पंख्यांचे वीजबिल कोणी धरत नाही.

गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तर भागात माओवादी हिंसाचारात शाळांच्या पक्क्या इमारती उद्ध्वस्त झाल्यावर बांबू आणि प्लायवुडच्या निवासी शाळा उभारल्या गेल्या. स्थानिक लोक त्यांना ‘पोटा केबिन’ म्हणतात. दुर्गम गावांतली मुले त्यांमुळे शिकू शकली. आगीचा धोका मात्र राहिला. मार्च २०२४ मध्ये बिजापूर जिल्ह्यातील अशा एका निवासी शाळेला आग लागून एका चिमुरडीचा मृत्यू झाला.

जतन

हर्टफर्डशायरच्या मालिकेतील वेल्विन गार्डन सिटीमधील टेंपलवुडसारख्या काही शाळांना आता संरक्षित वास्तूचा दर्जा आहे. त्यामुळे त्यांच्या बारीक धातूच्या चौकटी आणि एकेरी काचा सहज बदलता येत नाहीत. जे भाग झटपट बदलता यावेत म्हणून कारखान्यात बनवले गेले, त्यांनाच हात लावायला आता परवानगी घ्यावी लागते, आणि तापनाचा खर्च शाळेच्या अंदाजपत्रकात तसाच चालू राहतो.