नसबंदीनंतरचे तीन महिने

‘गड्यानं ऑपरेशन केलं की तो कामातून जातो,’ असं कर्नाटकातल्या मराठी सीमाभागात, खानापूर-निपाणीकडे, अजूनही म्हटलं जातं, आणि बऱ्याचदा घरातल्या बायकाच म्हणतात. ऊसतोडीला, तंबाखूच्या वखारीत किंवा भातलावणीला जाणाऱ्या माणसाची ताकद गेली तर घर कसं चालायचं, ही काळजी खरी आहे. पण ताकद जात नाही.

शुक्रपेशी अंडकोषात तयार होतात आणि शुक्रवाहिनी नावाच्या दोन बारीक नळ्यांतून पुढे येतात. नसबंदीत तेवढ्या दोन नळ्या कापून बंद करतात. टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन या नळ्यांतून जातच नाही, ते थेट रक्तात मिसळतं. म्हणून आवाज, दाढी, स्नायू, कामेच्छा, ताठरता सगळं पूर्वीसारखंच राहतं. वीर्यही येतं, कारण ते मुख्यतः वीर्यकोश आणि प्रोस्टेट ग्रंथीत बनतं. अडलेल्या शुक्रपेशी शरीर जिरवून टाकतं.

बिनटाक्याच्या नसबंदीनंतर काही दिवस सूज आणि ठणका असतो. दोन दिवस विश्रांती घ्यावी, घट्ट लंगोट वापरावा आणि आठवडाभर खताचं पोतं किंवा उसाची मोळी उचलू नये. काहींना जंतुसंसर्ग होतो किंवा रक्त साकळतं. शंभरातल्या एक-दोघांचं दुखणं मात्र महिनोन्महिने रेंगाळतं. त्यांना ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून परत पाठवणं अन्याय आहे. त्या दुखण्यावर उपचार आहेत.

खरा घोळ होतो तो पुढच्या तीन महिन्यांत. नळीच्या पुढच्या भागात आधीच्या शुक्रपेशी शिल्लक असतात, त्यामुळे त्या काळात गर्भ राहू शकतो. निरोध वापरायचा आणि तीन महिन्यांनी वीर्य तपासून घ्यायचं, हे प्रत्येकाला सांगायला हवं. अनेक जण तपासणीला जातच नाहीत. मग दिवस राहिले की बोट उठतं ते बायकोकडे. ऑपरेशन त्याचं आणि चारित्र्याची परीक्षा तिची! तपासणीत शुक्रपेशी नाहीत असं दिसल्यावरही, क्वचित, सुमारे दोन हजारांत एखाद्या वेळी, नळी पुन्हा जुळून गर्भ राहतो. म्हणून आधीच दोघांना समोर बसवून हे सांगितलं पाहिजे, मराठी घरात मराठीत.

मनाचं म्हणाल तर बहुतेक जोडप्यांना हायसं वाटतं. पाळी चुकण्याची धास्ती गेल्यावर जवळीक मोकळी होते. काही पुरुषांना मात्र आपण उणे झालो असं वाटतं, आणि त्या धास्तीनंच ताठरता कमी होऊ शकते. अशा वेळी बायकोनं गप्प राहण्यापेक्षा विचारलेलं बरं, आणि त्यानंही सांगावं. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ६० लाखांहून अधिक पुरुषांची नसबंदी झाली, अनेकांची जबरदस्तीनं. ती भीती घराघरांत मुरली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची स्वतःची शस्त्रक्रिया झालेली होती. नवऱ्याच्या नसबंदीवर भिस्त ठेवणाऱ्या अवघ्या ०.३ टक्के. तिच्या पोटाला छेद द्यावा लागतो, त्याला एक छोटं छिद्र पुरतं, तरी हे असं.

पस्तावा होतो तो मुख्यतः फार तरुणपणी किंवा कुणाच्या दबावाखाली निर्णय घेतलेल्यांना, किंवा मूल दगावल्यावर. नळ्या पुन्हा जोडता येतात, पण मूल होईलच याची खात्री नसते, आणि जितकी वर्षं लोटतात तितकी ती शक्यता घटत जाते.