सवलत गरीब देशांना, फटका अमेरिकी आयातदारांना

विकसनशील देशांतून येणाऱ्या हजारो वस्तूंवरचं आयातशुल्क माफ करणारी अमेरिकेची 'जीएसपी' योजना ३१ डिसेंबर २०२० रोजी संपली आणि मुदतवाढ रखडली. अशा वेळी बातम्या होतात त्या निर्यातदार देशांच्या नुकसानीच्या. कस्टम्समध्ये पैसे मात्र अमेरिकेतला आयातदार भरतो. शिवाय या मालात सुटे भाग, रसायनं, अर्धतयार वस्तू यांचा वाटा मोठा. त्यामुळे तिथल्याच कारखान्यांचा उत्पादनखर्च चढतो.

मूळ कल्पना साठच्या दशकातली. गरीब देशांनी नुसता कच्चा माल विकत बसू नये, त्यांच्या पक्क्या मालालाही श्रीमंत बाजारपेठा खुल्या व्हाव्यात, असा अर्थतज्ज्ञ राऊल प्रेबिश यांचा आग्रह होता. १९६८ साली नवी दिल्लीत भरलेल्या अंक्टाड (संयुक्त राष्ट्रांची व्यापार व विकास) परिषदेने तो उचलून धरला. अमेरिकेने १९७४ च्या व्यापार कायद्यात तशी तरतूद केली आणि १ जानेवारी १९७६ पासून योजना लागू झाली. भारतही लाभार्थी होता; ५ जून २०१९ पासून त्याला वगळण्यात आलं.

१९९३ पर्यंत मुदती लांब होत्या. पुढे बुडणारा महसूल दुसरीकडून भरून काढण्याच्या अर्थसंकल्पी नियमामुळे मुदतवाढ तुकड्यातुकड्यांनी मिळू लागली आणि मध्ये खंड पडू लागले. २०१० च्या अखेरीस तर सिनेटर जेफ सेशन्स यांनी स्लीपिंग बॅगांवरून मुदतवाढ अडवली. बांगलादेशातून बिनशुल्क येणाऱ्या बॅगांमुळे आपल्या अलाबामातला कारखाना धोक्यात येतो, ही त्यांची तक्रार. ती खोटी नव्हती. पण त्या एका वस्तूपायी, बॅगांशी काडीचा संबंध नसलेले आयातदारही जवळपास दहा महिने शुल्क भरत राहिले.

खंड संपला की काँग्रेस, म्हणजे अमेरिकी संसद, सहसा सवलत पूर्वलक्षी प्रभावाने लागू करते आणि भरलेलं शुल्क परत मिळतं. कागदावर हिशेब फिटतो. २०१३ ते २०१५ हा खंड मात्र जवळपास दोन वर्षांचा होता. इतका काळ अडकलेल्या पैशावर व्याज नाही. परताव्याच्या आशेवर दर न वाढवणारा आयातदार पदरचे पैसे घालतो. वाढवणाऱ्याचं गिऱ्हाईक तुटतं, आणि ते परताव्याने परत येत नाही. मोठी कंपनी तग धरते, लहान व्यापाऱ्याचं खेळतं भांडवलच गोठतं. माझ्या मते परताव्याच्या या सवयीनेच काँग्रेसला ढिलाई परवडू लागली.

२०२० नंतर मात्र उशिराची मुदतवाढही मिळाली नाही. सिनेटने २०२१ मध्ये आणि प्रतिनिधीगृहाने २०२२ मध्ये आपापल्या विधेयकांत मुदतवाढ घातली होती. पण कामगार हक्क आणि पर्यावरणाच्या अटींवर दोन्ही सभागृहांचं जमलं नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात सेमीकंडक्टर उद्योगाच्या अनुदानाचा भाग त्या विधेयकांतून वेगळा काढून कायदा म्हणून मंजूर झाला. व्यापाराचा भाग, आणि त्यासोबत जीएसपीची मुदतवाढही, वगळला गेला.