मेथिसिलिनरोधी पुंजगोलाणूंचे जनुकीय प्रकारनिर्धारण

रुग्णाच्या पुवातून, रक्तातून किंवा शस्त्रक्रियेच्या जखमेतून वाढवलेले, मेथिसिलिन गटातील प्रतिजैविकांना दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस ऑरियस (सुवर्ण पुंजगोलाणू) हे जंतू एकमेकांच्या किती जवळच्या नात्यातले आहेत, हे त्यांच्या डीएनएवरून ठरवण्याची पद्धत. दवाखान्यांत या जंतूला सर्रास ‘एमआरएसए’ म्हणतात. पुढे तेच नाव वापरले आहे.

औषध-संवेदनशीलता चाचणी कोणते औषध चालेल ते सांगते, जंतू आला कुठून ते सांगत नाही. समजा, एखाद्या शल्य वॉर्डात शेजारच्या दोन खाटांवरील रुग्णांच्या टाक्यांत पू झाला. दोघांच्या नमुन्यांच्या प्रयोगशाळेतील प्लेटवर सारख्याच सोनेरी वसाहती (जंतूंचे ठिपक्यांसारखे पुंजके) उगवल्या आणि दोघांचा औषधांचा अहवालही जुळला. जंतू एकाच कुळातला निघाला, तर ड्रेसिंगची ट्रॉली, कर्मचाऱ्यांचे हात आणि नाकपुड्या तपासाव्या लागतात. कुळे वेगळी निघाली आणि एका रुग्णाला गावीच केस्तूड झालेले होते असे कळले, तर वॉर्ड कितीही धुतला तरी मूळ हाती लागत नाही. नागपुरात हा प्रश्न रोजचा आहे. ‘मेडिकल’ (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, स्थापना १९४७) आणि ‘मेयो’ (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) येथे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्यापासून ते मध्य प्रदेशातील छिंदवाडा, शिवनी, बालाघाटपर्यंतचे रुग्ण येतात. अनेकजण वाटेत एकदोन दवाखाने करूनच येथे पोहोचतात.

जंतूला द्राक्षांच्या घोसावरून स्टॅफिलोकॉकस हे नाव स्कॉटिश शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८२ च्या सुमारास दिले. सोनेरी रंगाच्या वसाहतींवरून ‘ऑरियस’ ही जाती १८८४ मध्ये रोझेनबाख यांनी वेगळी मांडली. निरोगी माणसांपैकी साधारण चौथ्या-पाचव्या हिश्शाच्या नाकपुडीत तो काही त्रास न देता राहत असतो.

प्रतिरोधाचे मूळ : पेनिसिलिन गटातील औषधे जंतूची पेशीभित्तिका बांधणाऱ्या प्रथिनांना चिकटून ते बांधकाम थांबवतात. एमआरएसएपाशी मेक-ए नावाचे जनुक असते. त्यापासून असे एक जादा प्रथिन तयार होते की ज्याला ही औषधे नीट चिकटतच नाहीत, आणि बांधकाम चालू राहते. हे जनुक सुटे नसते. ते ‘एससीसीमेक’ नावाच्या फिरत्या डीएनए-तुकड्यात बसलेले असते आणि तो तुकडा गुणसूत्रावरील एका ठरावीक जागी शिरतो. हा तुकडा जपानमधील हिरामात्सु यांच्या गटाने १९९९-२००० च्या सुमारास उलगडला. या तुकड्याचे पहिले तीन प्रकार मोठे असून त्यांपैकी दुसऱ्या व तिसऱ्यात इतर औषधांच्या प्रतिरोधाची जनुकेही आढळतात. हे प्रकार प्रामुख्याने रुग्णालयांत सापडले. चौथा व पाचवा प्रकार आटोपशीर आहेत आणि रुग्णालयाबाहेर पसरलेल्या वाणांत (जंतूच्या उपप्रकारांत) ते विशेष दिसतात. मात्र ही विभागणी आता सैल झाली असून केवळ एससीसीमेकच्या प्रकारावरून जंतू ‘रुग्णालयातला’ की ‘बाहेरचा’ हे ठरवणे योग्य नाही.

एमआरएसए प्रथम केव्हा उद्भवला, याबद्दल मतभेद आहेत. मेथिसिलिन १९५९ मध्ये वापरात आले आणि १९६१ मध्ये पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी इंग्लंडमधून गोळा झालेल्या पाच हजारांहून अधिक वाणांत तीन प्रतिरोधी वाण आढळल्याचे प्रसिद्ध केले. यावरून औषध आले आणि त्यामागून प्रतिरोध आला, असा सरळ क्रम बरीच वर्षे धरला गेला. पाठ्यपुस्तकांत तो अजून आढळतो. २०१७ मध्ये हार्किन्स व सहकाऱ्यांनी युरोपातील जपून ठेवलेल्या जुन्या वाणांचा संपूर्ण जनुकक्रम तपासला. त्यावरून त्या जुन्या वाणांच्या कुळात मेक-ए १९४० च्या दशकाच्या मध्यास, म्हणजे मेथिसिलिनच्या सुमारे दीड दशक आधी आले असावे, असा त्यांनी अंदाज केला. त्या काळी पेनिसिलिनचा जो भरमसाट वापर झाला, त्यानेच ही निवड घडवली असावी, असे त्यांचे म्हणणे. २०२२ मध्ये मेक-सी या भावंड जनुकाबाबत आणखी मागे जाणारा पुरावा पुढे आला. युरोपातील साळूसदृश काटेरी हेजहॉग प्राण्याच्या त्वचेवरील एक बुरशी पेनिसिलिनसारखे द्रव्य सोडते, आणि तेथील जंतूंत हा प्रतिरोध एकोणिसाव्या शतकापासूनच असावा, असे त्या अभ्यासात दिसले. अशा कालनिर्णयात डीएनएतील बदलांचा वेग गृहीत धरावा लागतो, त्यामुळे वर्षे अंदाजानेच घ्यावीत. तरी प्रतिरोध मेथिसिलिनच्या आधीचा, हे मत आज अधिक सबळ वाटते. एकाच पूर्वजापासून सगळे एमआरएसए झाले, हे जुने मतही आता मागे पडले आहे. एससीसीमेक वेगवेगळ्या कुळांत अनेकदा शिरला, असे २००२ पासूनच्या तुलनात्मक कामातून दिसते. मेक-ए चा मूळ स्रोत प्राण्यांच्या त्वचेवरील दुसऱ्या पुंजगोलाणूंत असावा, असे मानतात.

पद्धती : सर्वांत जुनी पद्धत जीवाणुभक्षी विषाणूंवर (फेज) आधारलेली होती. कोणता फेज कोणत्या वाणाला फोडतो, यावरून गट पाडत. देशभरातील वाण त्यासाठी नवी दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयातील राष्ट्रीय केंद्राकडे जात. मात्र एमआरएसएचे पुष्कळ वाण कोणत्याच फेजला प्रतिसाद देत नसत.

पल्स्ड-फील्ड पद्धतीत जंतू ॲगरोज या जेलीसारख्या पदार्थाच्या छोट्या ठोकळ्यात बसवतात, लायसोस्टॅफिनने त्यांची भित्तिका विरघळवतात आणि स्मा-वन या विकराने डीएनए मोजक्या जागी कापतात. दिशा बदलत राहणाऱ्या विद्युत्‌क्षेत्रात हे तुकडे जवळपास दिवसभर सरकत राहतात आणि पट्ट्यांची रांग उमटते. १९९५ मध्ये सुचवलेल्या निकषांनुसार दोन-तीन पट्ट्यांचा फरक म्हणजे जवळचे नाते आणि सात किंवा अधिक पट्ट्यांचा फरक म्हणजे वेगळे वाण. एकाच उद्रेकातील रुग्ण जोडण्यासाठी ही पद्धत फार काळ प्रमाण मानली गेली, पण दोन शहरांतील पट्ट्या शेजारी ठेवून जुळवणे अवघड जाते. ती उणीव २००० मध्ये मांडलेल्या बहुस्थान जनुकक्रम पद्धतीने भरून काढली. तीत पेशीच्या नेहमीच्या कामाच्या सात जनुकांचे तुकडे वाचून त्यांना क्रमांक देतात आणि सात क्रमांकांच्या संयोगाला ‘एसटी’ क्रमांक मिळतो. हा क्रमांक नागपुरात आणि लंडनमध्ये एकाच अर्थाने वाचला जातो. ‘स्पा’ पद्धत एकाच जनुकातील पुनरावृत्ती वाचते; ती स्वस्त आणि जलद आहे. संपूर्ण जनुकक्रम वाचला तर एकेका अक्षराचा फरकही कळतो, म्हणून उद्रेकाच्या तपासात आता त्यालाच प्राधान्य आहे.

भारतातील कुळे : एसटी-२३९ हे रुग्णालयांतील जुने कुळ. त्याचे गुणसूत्र संमिश्र आहे. सुमारे पाचवा हिस्सा एसटी-३० कुळातून व उरलेला एसटी-८ कुळातून आला. गेल्या दोन दशकांत त्याच्या जोडीला एसटी-२२ आणि एसटी-७७२ ठळक झाले. २०१० मध्ये मुंबईतील एका रुग्णालयातून या दोन्हींची नोंद प्रसिद्ध झाली. एसटी-७७२ ला ‘बंगालचा उपसागर’ कुळ म्हणतात. त्यात पाचव्या प्रकारचा एससीसीमेक असतो आणि बहुधा पांढऱ्या पेशी फोडणाऱ्या पीव्हीएल विषाची जनुकेही असतात. ते भारतीय उपखंडातच उगम पावले असावे, असे २०१९ मधील जनुकक्रम अभ्यास सांगतो. एमआरएसएचे एकूण प्रमाण पाहू जाता, पंधरा भारतीय केंद्रांच्या पाहणीत ते २००८ मध्ये ४२ टक्के व २००९ मध्ये ४० टक्के होते.

नागपूर : प्रकारनिर्धारणाची पहिली पायरी म्हणजे वाण खरोखरच एमआरएसए आहे का, हे पक्के करणे, आणि येथे शहराचे हवामान आड येते. मुलर-हिंटन ॲगर या जंतू वाढवण्याच्या माध्यमाच्या प्लेटवर जंतू पसरून मधोमध ३० मायक्रोग्रॅम सेफॉक्सिटिनची (चाचणीत मेथिसिलिनऐवजी वापरतात ते प्रतिजैविक) चकती ठेवतात. दुसऱ्या दिवशी तिच्याभोवतीचे स्वच्छ वर्तुळ पट्टीने मोजतात. व्यास २१ मिलिमीटर किंवा कमी भरला तर तो एमआरएसए, २२ किंवा अधिक भरला तर नाही. एका मिलिमीटरवर निर्णय ठरतो. ही प्लेट ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेली, तर प्रतिरोध दबून राहू शकतो आणि वर्तुळ फसवे मोठे दिसते. साधा इन्क्युबेटर (प्लेट उबेत ठेवण्याची पेटी) तापवतो, थंड करत नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना खोलीतील एसी बंद पडला, तर इन्क्युबेटरचे तापमान खोलीच्या खाली येऊच शकत नाही. म्हणून येथे थंड करण्याची सोय असलेला बीओडी इन्क्युबेटर हवा आणि त्यावरील तापमापीची नोंद सकाळ-संध्याकाळ व्हायला हवी. तसे न झाल्यास पुढचे सर्व जनुकीय काम चुकीच्या वाणांवर होते. अशा वेळी मेक-ए ची पीसीआर तपासणी (जनुकाच्या प्रती वाढवून ते ओळखणारी) निर्णायक धरावी.

शहरात यासाठी लागणारी यंत्रणा आहे. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत (नीरी, स्थापना १९५८) कोविडकाळात विदर्भातील नमुन्यांचे जनुकक्रम वाचले गेले, आणि २०१८ मध्ये एम्सची भर पडली. अडचण येते ती वाण जपण्याची. नेहमीच्या कामात अहवाल गेला की प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात) जाते. प्रकारनिर्धारणासाठी प्रत्येक वाण ग्लिसरॉल मिसळलेल्या द्रवात, उणे ७० अंशांखाली ठेवावा लागतो. कुपीवर वॉर्ड, दाखल झाल्याचा दिवस व नमुना घेतल्याचा दिवस हे तिन्ही लिहावे लागतात. दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत घेतलेल्या नमुन्यातील जंतू सामान्यतः बाहेरून आलेला धरतात. पण रुग्ण आधी भंडाऱ्याच्या किंवा बालाघाटच्या दवाखान्यात राहून आला असेल, तर हा हिशेब बिघडतो. त्यामुळे आधीच्या दवाखान्याचे नावही कुपीच्या नोंदीत घ्यावे लागते.