क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा
क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा म्हणजे कवटीच्या आत पण मेंदूच्या बाहेर, ड्युरा नावाच्या जाड आवरणाखाली हळूहळू साठत जाणारं रक्त. बहुतेक वेळा हे म्हाताऱ्या माणसांना होतं. वय झालं की मेंदू थोडा आक्रसतो, मग मेंदूकडून ड्युराकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि बाथरूममध्ये पाय घसरला, कपाटाचं दार डोक्याला लागलं एवढ्यानेही एखादी फुटते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा दारूचं व्यसन असेल तर धोका आणखी वाढतो. शिरेतल्या रक्ताला दाब कमी, त्यामुळे तेव्हा काहीच जाणवत नाही, पण साठलेल्या रक्ताभोवती पातळ पडदा तयार होतो, त्यात नवीन नाजूक रक्तवाहिन्या येतात, त्या झिरपत राहतात आणि गाठ वाढत जाते.

लक्षणं दिसेपर्यंत तीन-चार आठवडे गेलेले असतात, पडल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं. डोकं दुखतं, एक पाय ओढल्यासारखा पडतो, पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, बोलताना शब्द सापडत नाहीत, दिवसभर झोप येते. घरचे म्हणतात वय झालं, म्हातारचळ लागला, आणि इथेच घात होतो, कारण हा विसराळूपणा बऱ्याचदा बरा होणारा असतो!! आठवड्या-दोन आठवड्यांत माणूस असा बदलला तर सिटी स्कॅन कराच. ताजं रक्त स्कॅनवर पांढरं दिसतं, जुनं काळपट, आणि मधल्या काळात मेंदूच्याच रंगाचं, त्यामुळे दोन्ही बाजूंना सारखं असेल तर नजरेतून सुटू शकतं.

गाठ लहान असेल, त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात. नाहीतर कवटीला एक-दोन भोकं पाडून (बर होल) रक्त काढतात, ते इंजिन ऑइलसारखं काळं निघतं, गरज पडली तर हे फक्त जागा बधिर करूनही होतं. मग साधारण दोन दिवस नळी ठेवतात. 2009 मध्ये केंब्रिजच्या अभ्यासात दिसलं की नळी ठेवली तर पुन्हा ऑपरेशन करायची वेळ 24 ऐवजी 9 टक्के पेशंटवरच येते. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड औषध मात्र 2020 च्या ब्रिटिश चाचणीत एकंदरीत तोट्याचंच ठरलं. आता मांडीतून किंवा मनगटातून कॅथेटर (बारीक नळी) घालून ड्युराची रक्तवाहिनी बंद करायचा उपायही आलाय, त्याच्या मोठ्या चाचण्या 2024 मध्ये छापून आल्या.

रक्त पातळ करायच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका, स्टेंट किंवा कृत्रिम झडप असेल तर त्या कधी थांबवायच्या आणि कधी परत सुरू करायच्या हे न्यूरोसर्जन आणि हार्टचे डॉक्टर मिळून ठरवतात.