माळवद, कारखाना, टाकी: सोलापूरच्या सामाईक घरांतले धोके कुठून आले

सोलापुरात इमारतींच्या सुरक्षेची चर्चा दोनच वेळा होते. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक घरांना नोटिसा काढते तेव्हा, आणि कुठे छत कोसळलं किंवा आग लागली की तेव्हा. पण हे धोके एका पावसाळ्यातले नाहीत. घर कशाचं बांधलं, त्यात कोणता धंदा चालतो आणि नळाला पाणी कितव्या दिवशी येतं, या तीन गोष्टींतून ते साचत आले. नियम मात्र बहुतेक सगळे मुंबई-ठाण्याच्या इमारती डोळ्यांपुढे ठेवून झाले. इथली अडचण तिथूनच सुरू होते.

जुन्या गावठाणात, उत्तर कसब्यापासून तुळजापूर वेशीपर्यंत, आजही माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची घरं दिसतात. दगड-मातीच्या जाड भिंती, त्यावर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. पाऊस बेताचा आणि उन्हाळ्यात पारा 43-44 अंशांवर जाणारा, अशा गावाला हे बांधकाम शोभणारंच होतं. अट एकच: दर पावसाळ्याआधी माळवदावर उगवलेलं गवत काढायचं, पांढरी माती टाकायची आणि चोपून घ्यायची. एकत्र कुटुंब होतं तोवर हे बिनबोभाट होत राहिलं. पुढे वाटण्या झाल्या, खोल्या भाड्यानं गेल्या आणि छप्पर नेमकं कुणाचं हेच ठरेना. मग कुणी मातीवर सिमेंटचा कोबा केला, कुणी प्लॅस्टिकचा कागद अंथरला. कोब्याला तडा गेला की पाणी आत शिरतं, पण वाळायला वाट राहत नाही. माती भिजून जड होते आणि भिंतीत गेलेली तुळईची टोकं आतल्या आत कुजतात. बाहेरून भिंत रंगवलेली, दारावर तोरण; कळायला मार्ग नसतो.

भाड्याच्या वाड्यांत याला कायद्याचीही जोड मिळाली. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार डागडुजी ही मालकाची जबाबदारी. त्यानं ती टाळली तर भाडेकरू स्वतः काम करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. ज्या खोलीचं भाडं कित्येक वर्षांपूर्वी ठरलं, तिथे या रकमेत एक तुळईसुद्धा बदलून होत नाही. मालक वाट बघतो वाडा पडायची, भाडेकरू वाट बघतो निकालाची.

दुसरा धागा कापडाचा. 1860 च्या सुमारास रेल्वे आली, पुढच्या दशकांत गिरण्या उभ्या राहिल्या आणि गिरणगावाला लागतात तशा चाळी आल्या. पण सोलापूरचं खरं वेगळेपण गिरण्यांपेक्षा पूर्व भागात आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग घरातच मांडला होता. हातमागाचा यंत्रमाग झाला तरी जागा तीच राहिली: खाली कारखाना, वर किंवा मागं बिऱ्हाड. इथे कारखाना म्हणजे मोठं धुराडं नव्हे. चार-आठ मागांचं शेडही कारखानाच. चादर आणि टॉवेलनं शहराला नाव दिलं ते याच शेडांतून.

अशा घरात काय काय एकत्र येतं ते बघा. दिवसभर हादरे देणारे माग, विटांची भिंत, छताच्या वाशांवर साठलेला सुताचा तूस, कोपऱ्यात रचलेली बाचकी आणि रस्त्याकडे उघडणारा एकच दरवाजा, तोही रात्री चोरीच्या भीतीनं कुलूपबंद. कापसाच्या तुसाला ठिणगी पुरते. 18 मे 2025 रोजी पहाटे अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्याला आग लागली. त्याच आवारात मालकाचं कुटुंब आणि कामगार झोपलेले होते. 8 जण गेले, त्यांत लहान मूलही होतं. ही जागा कागदावर औद्योगिक होती. पूर्व भागातल्या कित्येक जागा कागदावर निवासी आहेत, आतला माल मात्र तोच.

तिसरा धक्का जमिनीचा. 30 सप्टेंबर 1993, गणेश विसर्जनानंतरची पहाट, 3 वाजून 56 मिनिटं. किल्लारीचा भूकंप सोलापूरकरांनीही अनुभवला. लातूर-उस्मानाबादच्या गावांत माणसं मेली ती प्रामुख्यानं दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदाखाली. तोवर हा पट्टा भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याचा मानला जात होता. 2002 मध्ये भूकंपाबाबतचं भारतीय मानक सुधारलं, सर्वांत कमी धोक्याचा पहिला विभागच रद्द झाला आणि सोलापूर जास्त धोक्याच्या तिसऱ्या विभागात दाखवलं गेलं. 2002 च्या आधी उभ्या राहिलेल्या इमारती जुन्या समजुतीवर बेतलेल्या होत्या, हे मात्र विकत घेताना कुणी विचारत नाही.

आणि नेमक्या त्याच सुमारास शहर पसरत होतं. 1992 च्या हद्दवाढीनं महापालिकेचं क्षेत्र कित्येक पटींनी वाढून सुमारे 178 चौरस किलोमीटर झालं. जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड या बाजूला अपार्टमेंट उठू लागली. पार्किंग आणि वर तीन-चार मजले, हा इथला ठरलेला साचा. यातली पहिली पिढी आता तिशी ओलांडते आहे.

या अपार्टमेंटचा सोलापुरी रोग म्हणजे पाणी. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, हा कित्येक वर्षांचा परिपाठ. त्यामुळे खाली हौद आणि वर प्रत्येकाची स्वतंत्र सिंटेक्सची टाकी. लोक कमी पडतं म्हणून दुसरी ठेवतात. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन, आणि तिचा तळ साधारण एक चौरस मीटर. लोकांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकानं धरलेला भार आहे चौरस मीटरला सुमारे 150 किलो. टाक्या तुळईवर किंवा खांबाच्या डोक्यावर बसवल्या तर निभावतं. प्लंबर मात्र पाइप जवळ पडेल तिथे ठेवतो, बहुधा स्लॅबच्या मध्यावर. बारा फ्लॅटच्या बारा टाक्या म्हणजे बारा टन, आणि हा भार मूळ नकाशात असेलच असं नाही.

वजनापेक्षा गळती वाईट. पाणी येण्याच्या दिवशी टाकी भरून वाहते, कारण झडप बिघडलेली असते आणि पुन्हा पाणी चार दिवसांनी म्हणून मोटर कुणी बंद करत नाही. ते पाणी स्लॅबमध्ये मुरतं, सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे पोपडे खाली येतात. जिन्यातून उतरलेला ओघळ बऱ्याच इमारतींत थेट मीटरच्या बोर्डाजवळ येतो. बोर्ड लाकडी, वायरी नव्वदच्या दशकातल्या, त्यांवर आता दोन-दोन एसी, आणि बोर्डाखाली पेट्रोल भरलेल्या दुचाक्या. वरून उतरायला वाट एकच, तीही याच दुचाक्यांमधून. माझ्या मते सोलापुरातल्या अपार्टमेंटमधला सर्वांत मोठा धोका हा आहे. कमी करायला लागतो तो एक सुतार, एक वायरमन आणि दुचाक्या हलवायची तयारी.

आता नियम. आग प्रतिबंधाचा राज्याचा कायदा 2006 चा, अंमल डिसेंबर 2008 पासून. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी आणि जुलैत घ्यायचं, ते याच कायद्यातलं. पण राष्ट्रीय बांधकाम संहितेत उंच इमारत सुरू होते 15 मीटरपासून, आणि कडक अटीही तिथूनच. सोलापूरचा बराचसा साचा त्याच्या खालीच थांबतो. लिफ्टचा कायदा 1939 चा होता, तो 2017 मध्ये बदलला आणि त्यात विम्याची अट आली. ढासळण्याबाबतची जाग मात्र दुर्घटनांनी आणली. एप्रिल 2013 मध्ये मुंब्र्यात बांधकाम चालू असलेली इमारत पडून 74 जण गेले, ऑगस्ट 2020 मध्ये महाडला 16, आणि पुढच्याच महिन्यात भिवंडीत सुमारे 40. प्रत्येक वेळी तपासणीच्या सूचना निघाल्या, फाइली हलल्या.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे कारभाराच्या नमुना नियमांत, संरचनात्मक तपासणीचं (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचं) वेळापत्रक स्पष्ट आहे: 15 ते 30 वर्षं वयाच्या इमारतीची दर पाच वर्षांनी, त्यापुढे दर तीन वर्षांनी. पैशाची सोयही आहे. बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधी आणि पाव टक्का सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामासाठीची गंगाजळी. बांधकाम खर्च आठ लाख असलेल्या फ्लॅटला वर्षाचे सहा हजार आणि दोन हजार, म्हणजे महिन्याला सातशेच्या खाली. इथे बऱ्याच इमारतींत मेंटेनन्स म्हणून जमते ती फक्त वॉचमन, झाडलोट आणि मोटरच्या बिलाची रक्कम. कित्येक ठिकाणी तर संस्था नोंदलेलीच नाही. बिल्डर शेवटचा फ्लॅट विकून गेला, आणि सचिव म्हणजे तळमजल्यावरचे निवृत्त काका. त्यांनी गच्ची दुरुस्तीचा विषय काढला की खालच्या मजल्यावरचे म्हणतात, गळतं त्यांच्याकडे, आम्ही का द्यायचं?

कामगारांच्या वसाहतींनी या गोष्टीला वेगळं वळण दिलं. कुंभारीत विडी कामगार महिलांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, 2006 मध्ये सुमारे 10 हजार घरं. ती स्वतंत्र घरं. भिंत कुणाची, छप्पर कुणाचं हा वाद कमी, आणि ज्याला जमलं त्यानं आपापल्या घरात फेरफार केले. त्याच परिसरातला रे नगर प्रकल्प मात्र फ्लॅटचा आहे. असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांची योजना, त्यातल्या पहिल्या 15 हजारांचं लोकार्पण 19 जानेवारी 2024 रोजी झालं. पत्र्याच्या खोलीतून आलेल्या कुटुंबांना गच्ची, जिना, टाकी आणि मीटरची खोली सामाईक असणं नवं आहे. विडी वळणं, शिलाई, टॉवेलला शिवण घालणं ही कामं बिऱ्हाडाबरोबर तिथेही जाणारच. उपविधींच्या हिशेबानं पहिली संरचनात्मक तपासणी 2039 च्या सुमारास येते. आग आणि भूकंपाचा विमा उतरवण्याची अट मात्र त्याच उपविधींत आहे, आणि तिला इमारतीच्या वयाची मर्यादा नाही.